बॅजरच्या विष्ठेत फुफ्फुसकृमी शोधताना: खड्ड्यापासून काचपट्टीपर्यंत

बॅजरच्या (बिळात राहणारा, रात्री फिरणारा एक सस्तन प्राणी) विष्ठेत फुफ्फुसकृमीची अळी सापडली म्हणून कुणी फोटो पाठवला की मी आधी अळीकडे बघत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. विष्ठा किती तासांची होती? बॅजर ज्या उथळ खड्ड्यात विष्ठा टाकतो, त्यातून ती नेमकी कुठून उचलली? आणि मायक्रोस्कोपखाली येईपर्यंत ती कशात, कुठे ठेवली होती? उत्तरं डळमळीत असली तर फोटो कितीही लख्ख असो, त्यावर विश्वास ठेवता येत नाही. बहुतेक वेळा ती मातीतली साधी सूत्रकृमी निघते. उलट प्रकारही तितकाच होतो. कुणी नमुने आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवतं, मग बेअरमन पद्धत (पाणी भरलेल्या नरसाळ्याच्या तळाशी जिवंत अळ्या गोळा करण्याची पद्धत) लावतं आणि ‘या भागात फुफ्फुसकृमी नाहीत’ असं लिहून मोकळं होतं. मेलेल्या अळ्या पोहत नाहीत, त्यामुळे त्या नमुन्यांत काही दिसण्याची शक्यताच नव्हती.

म्हणून हा लेख. यात युरोपियन बॅजरच्या (मेलेस मेलेस) विष्ठेतून फुफ्फुसकृमी कसे शोधायचे, एवढंच आहे. क्रम महत्त्वाचा आहे. एक टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे अचूक करूनही हाती काही लागत नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा

बॅजरच्या फुफ्फुसात तीन गटांतले कृमी प्रामुख्यानं भेटतात. क्रेनोसोमा श्वासनलिकांच्या फांद्यांत राहतो. पेरोस्ट्राँगायलस फॅल्सीफॉर्मिस, ज्याला जुन्या नोंदींत एल्युरोस्ट्राँगायलस म्हटलेलं आढळतं, तो फुफ्फुसाच्या ऊतीत खोल असतो. तिसरा युकोलियस एरोफिलस, जुनं नाव कॅपिलेरिया. तो श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात रुतून बसतो.

पहिल्या दोघांच्या अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि विष्ठेतून जिवंत अळी म्हणून बाहेर पडतात. पुढे त्या शंखी किंवा बिनशंखी गोगलगाईत शिरतात, तिथे वाढतात आणि गोगलगाय खाणाऱ्या बॅजरच्या पोटात जातात. युकोलियसची मात्र विष्ठेतून अंडी येतात, अळ्या नाहीत. त्याच्या प्रवासात गोगलगाईऐवजी गांडुळाचा हात असतो.

यातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे: अळ्यांसाठी एक पद्धत, अंड्यांसाठी दुसरी. बेअरमन नरसाळ्यात युकोलियसचं अंडं कधीच हाती लागणार नाही, कारण अंडं पोहत नाही. केवळ बेअरमन करून ‘फुफ्फुसकृमी नाहीत’ असं लिहिणं म्हणजे तीनपैकी एक दार न उघडताच घर रिकामं आहे म्हणण्यासारखं आहे.

टप्पा 1: परवानगी, संरक्षण आणि सामान

जमीनमालकाची परवानगी आधी घ्या. बॅजरच्या बिळाशी खेळ करायचा नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये 1992 च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार बिळाची नासधूस करणं, त्याचं तोंड बुजवणं किंवा आतल्या बॅजरला त्रास देणं गुन्हा आहे. इतर देशांत तिथले नियम बघा. माझा स्वतःचा नियम कायद्यापेक्षा कडक आहे: बिळाच्या तोंडालगतचे खड्डे मी सोडून देतो. हद्दीवरच्या खड्ड्यांतून पुरेसा माल मिळतो.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बॅजरमध्ये गोवंशीय क्षयाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, आढळतो आणि तो विष्ठेतूनही बाहेर पडू शकतो. म्हणून विष्ठेचा प्रत्येक नमुना क्षयबाधित आहे असं धरूनच हाताळा. हातमोजे प्रत्येक खड्ड्याला नवे. वाळलेली विष्ठा चुरायची नाही, तिची धूळ उडू द्यायची नाही. प्रयोगशाळेत नमुना उघडणं, वजन करणं, ढवळणं हे सगळं जैवसुरक्षा कपाटात. स्वयंपाकघरात, घरच्या टेबलावर किंवा जेवणाच्या फ्रिजमध्ये यातलं काहीही नको. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी नमुना गोळा करण्यापर्यंतचं काम करावं आणि पुढचं काम सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे सोपवावं. गोळा करण्याचं काम कमी मोलाचं नाही. खरं तर निकाल तिथेच ठरतो.

पिशवीत घ्यायचं सामान थोडकं आहे: झाकणाच्या रुंद तोंडाच्या लहान डब्या, वापरून टाकायचे लाकडी चमचे, पाण्यानं न पुसणारा मार्कर, पेन्सिल आणि वही, थंड ठेवणारी पेटी, आणि रंग लावलेल्या पंचवीस-तीस बारीक काड्या. या काड्या कशाला, ते पुढच्याच टप्प्यात येतंय.

टप्पा 2: आदल्या संध्याकाळी खड्डे वाचा

बॅजर उथळ खड्डे खणून त्यात विष्ठा टाकतो आणि वर माती ओढत नाही. असे अनेक खड्डे एका जागी असतात, विशेषतः दोन गटांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे. वसंताच्या सुरुवातीला हद्द राखण्याची लगबग वाढते, तेव्हा खड्डे भरलेले मिळतात. कडक हिवाळ्यात बॅजर बिळातून कमी निघतो आणि ताजी विष्ठा मिळणं कठीण होतं.

खड्ड्यात एकाच रात्रीची विष्ठा नसते. परवाची, चार दिवसांपूर्वीची, आठवड्यापूर्वीची, सगळी एकमेकांवर असते. पावसानं जुनी विष्ठा पुन्हा ओली, चकचकीत होते आणि डोळ्याला अगदी ताजी वाटते. वासावरून किंवा चकाकीवरून ताजेपणा ओळखण्याचा आत्मविश्वास मला एकेकाळी होता. त्या आत्मविश्वासापायी एका पूर्ण हंगामाचे नमुने मला बाद करावे लागले. तेव्हापासून मी काड्या वापरतो.

1. सूर्यास्तापूर्वी खड्ड्यांपाशी जा. बॅजर बाहेर पडायच्या वेळेला तिथे रेंगाळू नका.
2. खड्ड्यातल्या प्रत्येक जुन्या विष्ठेत एक रंगीत काडी उभी खोचा.
3. कोणत्या खड्ड्यात किती काड्या, ते वहीत लिहा. जागेचा साधा नकाशा काढा.
4. विष्ठा काढून खड्डा साफ करू नका. त्या विष्ठेच्या वासावर त्यांची हद्द उभी आहे, ती आपण पुसायची नाही.

सकाळी काडी नसलेली जी विष्ठा दिसेल ती रात्रीची. एवढं साधं आहे आणि तरीही बहुतेक जण हे करत नाहीत, कारण त्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागतात.

तपासा: रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर ती फेरी सोडून द्या. पाण्यानं अळ्या वाहून जातात आणि मातीतल्या सूत्रकृमी खड्ड्यात उतरतात. असा नमुना दोन्ही बाजूंनी फसवतो.

टप्पा 3: पहाटे उचला, पण मातीला न लागलेलं

उजाडताच निघा. दिवस चढला की विष्ठा सुकते, माश्या बसतात, शेणकिडे शिरतात.

आता खड्ड्याशी वाकून नीट बघा. गांडुळं भरपूर खाल्लेल्या बॅजरची विष्ठा चिखलासारखी पातळ, काळसर असते. धान्य किंवा फळं खाल्ली असतील तर ती घट्ट असते आणि त्यात टरफलं, बिया उघड दिसतात. घट्ट विष्ठा सोपी आहे. पातळ विष्ठेचा खालचा थर मातीत मिसळून गेलेला असतो आणि माती कुठे संपली, विष्ठा कुठे सुरू झाली हे कळत नाही.

1. ढिगाच्या वरचा आणि मधला भाग लाकडी चमच्यानं उचला. जमिनीला टेकलेला थर खड्ड्यातच राहू द्या.
2. किमान 15 ते 20 ग्रॅम घ्या, म्हणजे दोन्ही पद्धतींना पुरेल आणि थोडं राखूनही ठेवता येईल.
3. एका डबीत एकच विष्ठा. दोन शेजारच्या विष्ठा ‘एकाच खड्ड्यातल्या आहेत’ म्हणून एकत्र करू नका. त्या दोन वेगळ्या जनावरांच्या असू शकतात.
4. डबीच्या अंगावर खड्ड्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. फक्त झाकणावर लिहू नका, झाकणं एकमेकांत बदलतात.
5. दर जागेमागे एक डबी मातीची घ्या: खड्ड्यापासून साधारण मीटरभर अंतरावरची, विष्ठा नसलेली माती.

पाचवी पायरी अनेकांना वायफळ वाटते. पण हीच माती पुढे तुमची कसोटी होणार आहे. तीही नरसाळ्यात टाकायची. मातीच्या नरसाळ्यात ज्या आकाराच्या अळ्या दिसतील, त्याच विष्ठेत दिसल्या तर त्यांना फुफ्फुसकृमी म्हणण्याआधी दहादा विचार करायला हवा.

इशारा: पातळ विष्ठेचा वरचा स्वच्छ थर वेगळा करता येत नसेल तर तो नमुना अळ्यांसाठी घेऊच नका. संख्या भरायची म्हणून घेतलेला मातकट नमुना पुढे सगळा तक्ता बिघडवतो.

टप्पा 4: थंड ठेवा, गोठवू नका

अळ्यांना दोन गोष्टी मारतात, उन्हात उभ्या गाडीचा उकाडा आणि फ्रीझर. तिसरी गोष्ट म्हणजे ‘नमुना टिकावा’ म्हणून घातलेलं फॉर्मालिन किंवा अल्कोहोल. डीएनए तपासणीसाठी विष्ठेचा छोटा भाग अल्कोहोलमध्ये स्वतंत्र ठेवायला हरकत नाही. बेअरमनसाठीचा भाग मात्र जसाच्या तसा, 4 अंश सेल्सियसला ठेवायचा.

शक्यतो त्याच दिवशी नरसाळं लावा. उशीर झालाच तर एक-दोन दिवस चालतं. त्यापुढे अडचण वाढते, कारण बॅजरच्या आतड्यात अंकुशकृमीही असतात. त्यांची अंडी उबेत एक-दोन दिवसांत फुटतात आणि अळ्या बाहेर येतात. मग नरसाळ्यात सळसळणाऱ्या अळ्या भरपूर दिसतात आणि त्यांतली एकही फुफ्फुसातली नसते. थंडाव्यानं हे फुटणं लांबतं, थांबत मात्र नाही.

टप्पा 5: बेअरमन नरसाळं लावा

तत्त्व एका वाक्यात: विष्ठेतून पाण्यात आलेली अळी वळवळते, पण वर पोहू शकत नाही, म्हणून ती तळाशी जाते. आपण फक्त तिला खाली जायला मोकळी वाट द्यायची. या टप्प्यावरच्या जवळजवळ सगळ्या चुका ती वाट अडवण्याच्या आहेत.

1. नरसाळं आणि नळी जोडा. काचेचं नरसाळं घ्या. खरखरीत, ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकच्या उतारावर अळ्या अडकून बसतात. खाली बोटभर लांबीची रबरी नळी लावा आणि तिच्या टोकाला चिमटा.

2. आधी पाणी भरून दहा मिनिटं थांबा. नळी गळत असेल तर ती आत्ता कळू दे. रात्रीत गळलेलं पाणी अळ्या सोबत घेऊन जातं.

3. हवेचा बुडबुडा काढा. हा एकटा मुद्दा मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावा लागतो. नळीत हवा अडकली की ती बुचासारखी बसते. अळ्या बुडबुड्याच्या वरच साचतात आणि खालून काढलेल्या पाण्यात काही येत नाही. नळी दोन बोटांनी हळूहळू दाबत, सोडत राहा. बुडबुडे नरसाळ्यातून वर येऊन फुटायचे थांबले की झालं. नळी उजेडासमोर धरून खात्री करा.

4. 5 ते 10 ग्रॅम विष्ठा तोला. नेमकं वजन लिहून ठेवा. ‘अंदाजे चमचाभर’ असं लिहिलेला नमुना मोजणीच्या वेळी निरुपयोगी ठरतो.

5. गॉजची (विरळ विणीच्या कापडाची) पुरचुंडी बांधा. घट्ट विष्ठेला दुहेरी गॉज पुरतं. पातळ विष्ठेसाठी गॉजच्या आत प्रयोगशाळेतल्या टिश्यूचा एक थर द्या, नाहीतर चिखल गाळून खाली येतो आणि सकाळी तळाशी तपकिरी गाळाशिवाय काही दिसत नाही. पुरचुंडी आवळून बांधू नका. आत पाणी शिरलं पाहिजे.

6. पुरचुंडी पाण्यात पूर्ण बुडू द्या, पण बुचासारखी बसू देऊ नका. ती नरसाळ्याच्या अरुंद भागात रुतली तर वाट बंद. आडव्या काडीला दोऱ्यानं टांगा.

7. गॉजची टोकं नरसाळ्याच्या कडेवरून बाहेर लोंबू देऊ नका. कापड वातीसारखं पाणी ओढतं. रात्रभरात पाणी टेबलावर येतं आणि पुरचुंडी कोरडी लटकते. टोकं आत खोचा.

8. साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी वापरा. कोमट पाण्यानं अळ्या लवकर बाहेर येतील म्हणून कुणी गरम पाणी ओततं. त्यानं त्या मरतात.

9. क्रमांक नरसाळ्यावरच चिकटवा. स्टँडवर लावलेली चिठ्ठी नरसाळं हललं की दुसऱ्याची होते.

आता 12 ते 24 तास हात लावायचा नाही. मधूनच ढवळून बघण्याचा मोह आवरा.

तपासा: प्रत्येक खेपेला एक नरसाळं मातीचं असलंच पाहिजे. शिवाय, फुफ्फुसकृमींची लागण असल्याचं नक्की ठाऊक असलेल्या एखाद्या जनावराची ताजी विष्ठा प्रयोगशाळेत मिळत असेल, तर तिचंही एक नरसाळं लावा. त्यातूनही अळ्या आल्या नाहीत, तर त्या दिवशीचे तुमचे सगळे ‘नाही’ रद्द समजा.

टप्पा 6: तळाचं पाणी काढा

नरसाळं न हलवता चिमटा झटकन उघडा आणि पहिलं 5 ते 10 मिलिलिटर पाणी परीक्षानळीत घ्या. अळ्या याच पहिल्या पाण्यात असतात. जास्त पाणी सोडलं तर उतारावरचा चिखलही खाली येतो.

नळी सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) हलक्या गतीनं 5 मिनिटं फिरवा, किंवा तासभर उभी ठेवून पाणी निवळू द्या. वरचं पाणी पिपेटनं अलगद काढा. तळाचं 1 ते 2 मिलिलिटर उरू दे. उरलेलं नेमकं किती, ते लिहा. वरचं पाणी ओतून टाकण्याची घाई करू नका. नळी वाकडी केली की तळ उसळतो आणि अळ्या पाण्याबरोबर जातात.

टप्पा 7: ओळख पटवा, आणि ती याच क्रमानं

थेंब काचपट्टीवर घ्या आणि आधी सगळ्यात कमी वाढीवर, 40 पटीला, नुसतं बघा. हालचाल डोळ्यात भरते. जिवंत अळी दिसली की मगच मोठी वाढ.

डीएनएसाठी काही अळ्या हव्या असतील तर त्या आताच बारीक पिपेटनं टिपून तीव्र अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मालिनमध्ये नको. त्यानंतर उरलेल्या थेंबात ल्युगोलच्या आयोडीन द्रावणाचा एक बारीक थेंब. अळ्या थांबतात, ताठ होतात, रंग घेतात आणि आतली रचना दिसू लागते.

बरेच जण लांबीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पहिल्या अवस्थेतल्या फुफ्फुसकृमींची लांबी साधारण 200 ते 400 मायक्रोमीटर असते, पण मातीतल्या कितीतरी सूत्रकृमी त्याच मापाच्या असतात. लांबी शेवटी घ्या.

आधी डोकं. तोंडामागे स्पष्ट नळीसारखी पोकळी आणि अन्ननलिकेच्या शेवटी गोल, कंदासारखा फुगवटा दिसला, तर ती अळी मातीतली किंवा आतड्यातल्या कृमीची. अंकुशकृमीच्या अळीची तोंडाची पोकळी लांब असते. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीच्या अळीची आखूड असते, पण तिच्या मध्यावर जननेंद्रियाचा अंकुर ठळक दिसतो. फुफ्फुसकृमीच्या अळीत असा फुगवटा दिसत नाही. अन्ननलिका लांबट, फिकट असते आणि आतड्याचा भाग दाणेदार, गडद.

मग शेपूट. क्रेनोसोमाच्या अळीची शेपूट निमुळती, सरळ टोकाची. अँजिओस्ट्राँगायलस या आणखी एका फुफ्फुसकृमीच्या धाटणीच्या अळ्यांची शेपूट नागमोडी आणि पाठीकडून बारीक काटा असलेली. हा काटा बघायला 400 पट वाढ लागते आणि अळी कुशीवर पडलेली असावी लागते. ती पाठीवर असेल तर काटा दिसत नाही. काचेवरची झाकणपट्टी सुईच्या टोकानं हलकेच सरकवा, अळी वळते.

शेवटी माप. डोळ्याच्या भिंगातली मोजपट्टी त्याच मायक्रोस्कोपवर, त्याच वाढीवर पडताळलेली असली पाहिजे. शेजारच्या मायक्रोस्कोपचा आकडा उसना घेतला की माप चुकतंच.

आता फसवणाऱ्या तीन गोष्टी, ज्या बॅजरच्याच विष्ठेत भेटतात.

पहिली, गांडुळाचे राठ केस. बॅजर गांडुळं शेकड्यांनी खातो आणि त्यांचे केस न पचता बाहेर येतात. भिंगाखाली ते सोनेरी-तपकिरी, किंचित इंग्रजी एससारखे वळलेले, दोन्ही टोकांना निमुळते दिसतात. नवख्याला ते थेट मेलेल्या अळ्या वाटतात. पण त्यांच्या आत काहीच नसतं, ना अन्ननलिका, ना आतडं. काचेच्या काडीसारखे ते आरपार एकसारखे असतात. एकदा नीट पाहिले की पुन्हा चूक होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मुद्दाम शोधून बघा.

दुसरी, गांडुळाच्या अंगातल्या सूत्रकृमी. गांडुळाच्या शरीरात मातीतल्या सूत्रकृमींच्या काही जाती सुप्त राहतात. त्यामुळे अगदी ताज्या, मातीला न लागलेल्या विष्ठेतही कंदवाली अळी दिसू शकते. तुम्ही काळजी घेतली होती म्हणून तिला फुफ्फुसकृमी ठरवू नका. डोकं बघा.

तिसरी सगळ्यात अवघड: शिकारीचे कृमी. बॅजर हेजहॉग (अंगावर काटे असलेला लहान प्राणी) खातो. हेजहॉगला स्वतःचा फुफ्फुसकृमी असतो, क्रेनोसोमा स्ट्रायटम, आणि कॅपिलेरियाच्या गटातलेही असतात. खाल्लेल्या हेजहॉगच्या अळ्या किंवा अंडी बॅजरच्या आतड्यातून आरपार जाऊन विष्ठेत येऊ शकतात. विष्ठेत काटे दिसले तर वहीत ठळक लिहा आणि त्या नमुन्याचा निकाल डीएनए तपासणीशिवाय पक्का धरू नका.

जाती ठरवायला नुसता आकार अपुरा आहे. माझा आग्रह असा, की शंका असेल तिथे ‘मेटास्ट्राँगाइल गटातली पहिल्या अवस्थेची अळी’ एवढंच लिहा (क्रेनोसोमा आणि पेरोस्ट्राँगायलस दोघेही याच मोठ्या गटातले). ते अपुरं वाटेल, पण खोटं नसेल.

टप्पा 8: अंड्यांसाठी तरंग पद्धत

राखून ठेवलेल्या भागातून 3 ते 5 ग्रॅम घ्या, पाण्यात कालवून गाळा, फिरवून वरचं पाणी काढा आणि तळात 1.18 ते 1.20 विशिष्ट गुरुत्वाचं झिंक सल्फेटचं द्रावण घाला. द्रावणाचं गुरुत्व हायड्रोमीटरनं दर वेळी मोजा. बाटलीवर लिहिलेलं जुनं असतं. पुन्हा फिरवा, नळी काठोकाठ भरा, वर झाकणपट्टी ठेवा आणि 10 ते 15 मिनिटांनी ती सरळ वर उचला.

युकोलियसचं अंडं पिंपाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बुचं असलेलं असतं. ती बुचं एकमेकांच्या समोरासमोर न येता किंचित तिरकी असतात. कवचावर जाळीदार नक्षी दिसते. लांबी साधारण 60 ते 80 मायक्रोमीटर. इथेही शिकारीची अडचण आहेच: उंदराच्या यकृतातल्या कॅपिलेरियाची अंडीही अशीच दोन बुचांची असतात आणि उंदीर खाल्ल्यावर बाहेर येतात. नक्षी आणि माप दोन्ही जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

तरंग पद्धतीच्या काचेवर अळ्या शोधत बसू नका. दाट द्रावणात त्या आक्रसतात, वेड्यावाकड्या होतात आणि ओळखू येत नाहीत.

टप्पा 9: मोजणी आणि नोंद

दर ग्रॅममागे अळ्या किती, हे काढायचं. समजा तळाचं पाणी 2 मिलिलिटर उरलं, त्यातलं 0.3 मिलिलिटर तपासलं आणि 6 अळ्या मिळाल्या. म्हणजे मिलिलिटरमागे 20, एकूण 40. विष्ठा 8 ग्रॅम होती, तर ग्रॅममागे 5. अळ्या अगदी कमी असतील तर अंदाज न बांधता तळाचं सगळं पाणी तपासा.

हा आकडा फुफ्फुसात किती कृमी आहेत ते सांगत नाही. अळ्या रोज सारख्या बाहेर पडत नाहीत. काही दिवस एकही येत नाही. म्हणून त्याच जागेवरून किमान तीन सकाळी नमुने घ्या.

सगळ्यात मोठी चूक टक्केवारीत होते. 12 खड्ड्यांपैकी 5 खड्ड्यांत अळ्या मिळाल्या, तर ‘42 टक्के बॅजर बाधित’ असं लिहिता येत नाही. एक बॅजर चार खड्डे वापरतो, एका खड्ड्यात चार बॅजर येतात. विष्ठेतल्या डीएनएवरून जनावरं वेगळी ओळखली नसतील तर ‘12 पैकी 5 खड्डे’ हेच वाक्य बरोबर. कोणता खड्डा कोणत्या गटाचा, हे ठरवायला खाण्यात मिसळलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या दाण्यांची पद्धत आहे. दर बिळापाशी वेगळा रंग ठेवतात आणि तो कोणत्या खड्ड्यात उतरतो ते बघतात. पण ते परवाना आणि अनुभव असलेल्यांचं काम आहे.

रस्त्यावर मेलेला बॅजर मिळाला तर

फुफ्फुस उघडून बघणं ही सगळ्यात खात्रीची तपासणी, आणि सगळ्यात धोक्याचीही. क्षयाच्या गाठी फुफ्फुसातच असतात. शव स्वतः उघडू नका. जागा आणि वेळ नोंदवा आणि मृत वन्यप्राणी तपासणाऱ्या यंत्रणेला कळवा.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी दोनच सूचना. श्वासनलिका बारीक कात्रीनं शेवटच्या फांदीपर्यंत उभी चिरा आणि मिठाच्या पाण्यानं धुऊन ते पाणी तपासा. क्रेनोसोमा तिथे मिळतो आणि त्याच्या पुढच्या टोकावरच्या कातडीच्या एकावर एक कंगोरेदार वळ्यांवरून लगेच ओळखू येतो. पण एवढ्यावर थांबलात तर पेरोस्ट्राँगायलस निसटतो. तो नळ्यांत नसून ऊतीत असतो, म्हणून फुफ्फुसाच्या प्रत्येक खंडातून तुकडे घेऊन ते दोन जाड काचांमध्ये दाबून बघा, आणि काही तुकडे सूक्ष्म छेदासाठी राखून ठेवा.

निकाल हाती आल्यावर

अळ्या सापडल्या की कुणीतरी विचारतंच, ‘मग खाण्यातून जंतनाशक ठेवायचं का?’ नाही. ते कोणता बॅजर किती खाईल, की दुसरंच जनावर खाईल, यावर आपला ताबा नसतो. आयव्हरमेक्टिनसारखी औषधं विष्ठेतून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतात. आणि गोगलगाई तिथेच असल्यानं लागण पुन्हा होतेच.

त्याऐवजी कच्ची वही जपा. मातीच्या नरसाळ्यात काय दिसलं, काड्या किती होत्या, रात्री पाऊस होता का, विष्ठेत काटे होते का, हे सगळं निकालाच्या शेजारच्याच रकान्यात राहू द्या. पुढच्या वसंतात त्याच खड्ड्यांवर गेलात की आकड्यांची तुलना त्या रकान्यांवाचून करता येणार नाही.